ओझं किती, रस्ता कसला, बसणार कोण

सिरसाळा
दसरा, सकाळी

प्रिय हनुमंता,

तू दुपारी गाडी न्यायला येशील तेव्हा मी गॅरेजवर नसेन. हे पत्र झेंडूच्या हाराबरोबर केबिनच्या दाराला बांधून ठेवते, म्हणजे तुझ्या नजरेतून सुटणार नाही. गाडीच्या तोंडावर ताडपत्री टाकलीय, ती काढू नकोस. चावीही लावू नकोस. बाभळीखालच्या जुन्या टायरवर बस आणि सगळं नीट वाच. मधलं गाळून शेवटाकडे उडी मारू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे. चौथीत असताना धडाही तू शेवटून वाचायचास. फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर फोनवर मी इंजिनाचं नाव काढलं की तू स्पीकर लावतोस आणि चार जणांना हसवतोस. "आक्काला गाडी चालवता येत न्हाई, नुसती उघडता येते," हे तुझं वाक्य साऱ्या स्टँडला पाठ झालंय. आणि खरं सांगायचं तर मला बोलताच आलं नसतं. भीती वाटली की माझ्या तोंडून शिव्या निघतात, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. विहिरीच्या काठावर वाकून बघत होतास तेव्हा मी तुला जवळ घेतलं नव्हतं, दोन थोबाडीत दिल्या होत्या. कागदाला थोबाडीत देता येत नाही, म्हणून कागदावर लिहितेय.

मी घाबरलेय. आधी तेवढं लिहून टाकते. उद्या सकाळी तू त्रिंबक मुकादमाची टोळी घेऊन ऊसतोडीला निघणार आहेस आणि तेलगाववरून धारूरचा घाट चढणार आहेस, हे मला काल कळलं. टोळीची बावीस माणसं, त्यांत सहा लेकरं. खाली बाजा, भांडी, पिठाची पोती, चुली पेटवायचं जळण, दोन शेळ्या, आणि त्या सगळ्यावर माणसं बसलेली. केबिनमध्ये शेजारी तुझी दिपाली आणि तिच्या मांडीवर आपली छकुली. तुझ्या इंजिनात वैशाखात जो कॅमशाफ्ट बसवला, तो या ओझ्यासाठी नाही आणि या घाटासाठी तर मुळीच नाही. हे तुला अर्धंमुर्धं माहीत असेल. मला पुरतं माहीत आहे, कारण तो मी बसवलाय.

काल खंडेनवमी. सकाळीच पाने, हातोड्या, टॅपेटच्या गेजा, तुझ्या दाजींचा मायक्रोमीटर, सगळं रॉकेलनं धुतलं, पुसलं, पाटावर मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं. तुझी गाडी परवा तू ऑइल बदलायला आणि पूजेला म्हणून लावून गेला होतास, तिलाही कुंकवाची पाच बोटं ओढली. एवढ्यात मंजुळामावशी आली. आई गेली तेव्हा तुला पंधरा दिवस जिनं भाकरी चुरून भरवली, ती मंजुळामावशी. डालग्यात तीन कोंबड्या घेऊन आली होती, म्हणाली सांभाळ माझ्या, चैतात येते. मी तिच्यावर ओरडले. साठी उलटली, गुडघे धरलेत, आता कुठं निघालीस म्हातारे? तर सुनेचं लेकरू आठ महिन्यांचं आहे, सून फडात उतरली की त्याला झोळीत कोण हलवणार, म्हणून हिचं जाणं. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, यंदा गाडी कुणाची? तिला नवल वाटलं. "तुझ्या भावाचीच की. धारूरच्या घाटानं जाणार हाय. पर तुझ्या हातचं इंजिन हाय म्हणल्यावर मला कशाचा घोर न्हाई बघ." एवढं बोलून तिनं बशीत चहा ओतला आणि फुंकर मारून प्यायली. माझ्या हातातला कुंकवाचा करंडा खाली पडला. ती म्हणाली, असू दे बाई, हळदकुंकू सांडलेलं चांगलं असतं.

मग मी तिला बसवून घेतलं आणि टोळीत कोण कोण आहे ते विचारत बसले. ती बोटांवर मोजत सांगत होती आणि मला प्रत्येक नावाला घाट दिसत होता. अंजना, शहादेवाची, जिच्या लग्नात तू वाढपी होतास. तिच्या दोन पोरी. पलीकडच्या आळीतला आदिनाथ, ज्याचा एक हात मळणी यंत्रात गेला तरी कोयता डाव्या हातानं चालवतो. तू मला यातलं काही सांगितलं नव्हतंस. "यंदा लांबचं भाडं लागलंय," एवढंच म्हणालास आणि मीही पुढं विचारलं नाही. तुला वाटलं असेल, आक्काला कळलं तर उगा कटकट करील. तुझ्यावर मी रागावलेले नाही. रागवायला माझ्याकडे तोंड नाही, आणि ते का, ते आता सांगते. तुला ते आवडणार नाही.

तुझ्या दाजींची रीत तुला माहीत आहे. कुणी गाडीचा कॅम बदलायला आला की ते आधी त्याला चहा पाजायचे आणि तीन गोष्टी विचारायचे. ओझं किती, रस्ता कसला, बसणार कोण. उत्तरं खडूनं पत्र्याच्या भिंतीवर लिहायचे आणि काम होऊन गाडी दाराबाहेर पडेपर्यंत पुसायचे नाहीत. काही गिऱ्हाइकं चिडायची. बसणार कोण याचा कॅमशी काय संबंध, म्हणायची. हे म्हणायचे, ओझं नि रस्ता मी इंजिनासाठी विचारतो, तिसरं मला झोप यावी म्हणून विचारतो. नेकनूरचा एक हौशी पोरगा जीप घेऊन आला होता, त्याला या तिसऱ्या प्रश्नावरून त्यांनी परत पाठवलं, कारण जीपमधून शाळेची लेकरं जायची. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन, पण मी रीत मोडली नव्हती. लोक म्हणायचे, रामहरीची बाई रामहरीपेक्षा चिकट आहे. मला त्याचा अभिमान होता.

कॅमशाफ्ट म्हणजे काय हे मी तुला दहा वेळा सांगितलं असेल, दहाही वेळा तू मोबाइलात बघत होतास. आता ऐक. लोखंडी दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे, त्यांना आपण लोब म्हणतो. दांडा फिरला की लोब व्हॉल्व उघडतो, हवा आत येते, धूर बाहेर जातो. लोब उंच आणि रुंद केला की व्हॉल्व जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडा राहतो. इंजिन जोरात फिरत असलं तर ते झकास, हवा भरपूर मिळते आणि गाडी उडते. पण इंजिन हळू फिरत असलं, म्हणजे भरली गाडी, चढ, पहिला-दुसरा गिअर, की आत आलेली हवा दार उघडं बघून आल्या वाटेनं परत जाते. दम धरत नाही. म्हणून रस्त्यावरच्या ट्रकला कॅम निवडताना वर किती पळेल हे बघायचं नसतं, खाली किती ओढेल हे बघायचं असतं. ट्रकचं सारं आयुष्य खालीच जातं. शर्यतीचा कॅम घालून तू माजलगावच्या सपाट रस्त्यावर जीपवाल्यांना मागं टाकतोस ते खरं आहे. तीच गाडी घाटाच्या वळणावर थांबवून पुन्हा उचलायला गेलास की तिच्या पायात बळ नाही, हेही तितकंच खरं आहे.

वैशाखात तू इंजिनाचं काम काढलंस तेव्हाचं आठव. मोबाइल नाचवत आलास, त्यात कुठलासा पंजाबकडचा ट्रक उभ्या जागी डुलत होता, धड धड थांबत, पुन्हा धड धड. "आक्का, मला असा आवाज पायजे, आन पिकप असा पायजे की लोकं बघत ऱ्हायली पायजेत." मी बाकावर दोन कॅम ठेवले. एक तुझ्या गाडीचा मूळचा. किरकोळ घासलेला, साफ करून बसवला तर आणखी दहा वर्षं ओढील असा. दुसरा दाजींच्या पेटीतला, ग्रीस लावून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. तू विचारलंस, हा कुठून आणला? मी म्हटलं, तुझ्या दाजींनी बनवला, शर्यतीचा आहे. एवढंच म्हटलं. तुझे डोळे चमकले आणि तू मूळच्याकडे पुन्हा बघितलंसुद्धा नाही. मी खडू उचलला. ओझं किती? तू म्हणालास, कापूस, सोयाबीन, जेवढं मिळंल तेवढं. लिहिलं. रस्ता कसला? सपाट, परळी, माजलगाव, बीड. तेही लिहिलं. मग मी खडू ठेवून दिला.

तिसरं मी विचारलं नाही, हनुमंता. विसरले म्हणून नाही. सिरसाळ्यात दसरा झाला की कुठला ट्रकवाला टोळी नेत नाही? हे शेंबड्या पोराला कळतं, मला कळत नव्हतं का? विचारलं असतं तर तू खरं बोलला असतास, तुला मला फसवता येत नाही, तुझे कान लाल होतात. आणि तू टोळीचं नाव घेतलं असतंस तर तो कॅम मला परत फडक्यात गुंडाळावा लागला असता. ते मला नको होतं. म्हणून डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. तुला खोटं बोलायची वेळच येऊ दिली नाही.

कारण सांगते, हसू नकोस. दाजींनी त्यांच्या शेवटच्या थंडीत अकरा दिवस त्या कॅमवर घालवले. बाहेरगावचा कुणी हौशी माणूस मोकळ्या मैदानात रिकामे ट्रक पळवायचा, त्यानं तो करायला सांगितला होता. एकेक लोब घासायचे, मोजायचे, पुन्हा घासायचे, जेवायला हाक मारली तर ऐकू यायची नाही. मी चिडून म्हटलं होतं, सवत बरी होती. अकराव्या दिवशी मला बोलावून कॅम उजेडात धरला, म्हणाले, वनमाला, असं काम हातून एकदाच होतं. पुढच्या आठवड्यात छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारात गेले. तो हौशी माणूस फिरकलाच नाही. तो कॅम कधी फिरला नाही, त्याचा आवाज कुणी ऐकला नाही. तीन वर्षं मी दर अमावस्येला त्याला ग्रीस लावत होते आणि मनात यायचं, एकदा तरी ऐकावा. तू मोबाइल घेऊन आलास आणि माझ्या मनातलंच बोललास. तुझ्या हट्टाच्या आड मी माझा हट्ट पुरवून घेतला. पिस्टनच्या डोक्यावर कणकेची गोळी ठेवून व्हॉल्व कुठं टेकतो ते बघितलं, खाचा पाडल्या, सगळं अगदी त्यांच्यासारखं केलं, आणि इंजिन सुरू झालं तेव्हा तू बाहेर नाचत होतास आणि मी आत फडताळाशी तोंड करून रडत होते. तुला वाटलं धुरानं डोळ्यांत पाणी आलं.

श्रावणात आपण धारूरला पंप आणायला गेलो ते तुला आठवतंय, पण मला आठवतंय तसं नाही. गाडी रिकामी होती, आपण दोघंच. घाटातल्या अरुंद वळणावर वरून एसटी आली आणि तू कडेला थांबलास. एसटी गेली. तू क्लच सोडलास आणि इंजिन गुदमरलं, बंद पडलं. गाडी मागं घसरली. तू ब्रेक मारलास, चावी फिरवलीस, ते कुरकुरलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद. मी उडी मारून मागच्या चाकाखाली दगड घातला. उठले तेव्हा माझ्या टाचेमागं कठडा होता आणि कठड्यापलीकडं बाभळींचे शेंडे खाली दिसत होते. दोन हात. रिकामी गाडी दोन हात घसरली. तुला हे माहीत असायला हवं की इंजिन बंद पडलं की ब्रेकची हवा भरायचीही बंद होते, चार-पाचदा पाय मारला की संपते. तू वरून ओरडलास, "काय झालं न्हाई ना, मग कावून तोंड पाडतीस?" आणि मी काय केलं? मी हसले. वर सपाटीला आल्यावर तू ॲक्सिलेटर दाबलास, ते इंजिन गायला लागलं आणि मी खिडकीतून हात बाहेर काढून बसले. त्या दिवशीच मी तुझ्या हातातून चावी काढून घ्यायला हवी होती. घरी येऊन जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी दगड विसरले.

काल मंजुळामावशी गेल्यावर तो दगड आठवला. मग सुचेना. घरात गेले, पाणी प्यायला माठ उघडला आणि तसाच उघडा टाकून बाहेर आले. त्याच वळणावर एसटी येणार, तू थांबणार, मागं अडीच-तीन टन ओझं आणि ओझ्यावर माणसं. दगड घालायला कोण उडी मारणार? अंजनाच्या पोरी? मावशी तिच्या गुडघ्यांनी? माझ्या डोळ्यांपुढून ते जाईचना. देवापुढे बसले तर देवाच्या जागी पाटावरचे पाने दिसत होते.

तुला फोन करावा असं तीनदा मनात आलं. तू म्हणाला असतास, आक्का, मी हाफ क्लचवर उचलतो, तू चिंता करू नको. आणि तू गेला असतास. मुकादमाची तारीख ठरलेली, टोळीनं घराला कुलपं लावायला घेतलेली, तू माझ्या भीतीसाठी थांबला नसतास. मग असंही मनात आलं की गुपचूप मूळचा कॅम बसवून टाकावा आणि तुला सांगूच नये. सायलेन्सरला भोक पाडलं असतं तर आवाजावरून तुला महिनाभर कळलं नसतं. पण मग तू एखाद्या टँकरच्या पुढं काढायला गेला असतास, पायाखाली पिकप आहे या भरवशावर, आणि पिकप नसता. इंजिनाबद्दल एकदा खोटं वागून मी हे करून ठेवलंय. दुसऱ्यांदा नाही.

म्हणून काल बारा वाजता मी पाटावरचा पाना उचलला. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याआधी उचलायचं नसतं हे मला कुणी शिकवायला नको. पंक्चरवाला शिवशंकर बघत होता, त्यानं कानाला हात लावले. म्हणाला, काकू, आज? मी म्हटलं, आजच, आणि रेडिएटर धर. त्यानं धरला बिचाऱ्यानं. पान्यावरचं हळदकुंकू माझ्या हाताच्या घामानं भिजून नटांना लागलं, तुला दिसेल. रॉकर काढले, पुशरॉड काढले, पुढचं झाकण उघडलं आणि दिवस मावळायच्या आत तुझ्या दाजींचा कॅम बाहेर ओढून घेतला. आता ताडपत्रीखाली काय आहे ते तुला कळलं असेल. चावी लावून उपयोग नाही. गाडी उद्या जाणार नाही, परवाही नाही. मूळचा कॅम बाकावर साफ करून ठेवलाय. मी एकटीनं बसवला तर तीन दिवस, तू हात लावलास तर दोन.

हे पत्र बांधून मी त्रिंबक मुकादमाकडे चाललेय. टोळी सारी त्याच्या वाड्यासमोर जमणार आहे, सोनं लुटायला. तिथं सगळ्यांसमोर सांगणार आहे की गाडी माझ्या चुकीनं थांबलीय, हनुमंताच्या नाही. मुकादम बोलेल, बोलू दे. मंजुळामावशी काय म्हणेल याचीच मला जास्त भीती वाटते. पाकिटात एक चिठ्ठी आहे, जुन्या दोऱ्यासकट. ती दाजींच्या हातची आहे, अक्षर ओळखशील. कॅम फडक्यात गुंडाळताना त्यांनीच त्याला बांधली होती. "मैदानासाठी. रस्त्यावर बसवू नये. रस्त्यावर माणसं असतात." तू वैशाखात येण्याआधी अर्धा तास मी तो दोरा सोडला आणि चिठ्ठी डब्यात लपवली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला आता मला जे बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन, पण आधी एक कर. भिंतीकडे जा. तुझ्या गाडीच्या नंबराखाली वैशाखातली दोन उत्तरं अजून आहेत, मी पुसलीच नाहीत, आज सकाळी मी तिसरा प्रश्न लिहिलाय आणि मावशीनं सांगितलेली नावं एकाखाली एक लिहिलीत, बावीसच्या बावीस. आठ महिन्यांच्या लेकराचं नाव मला आठवेना, म्हणून मावशीचा नातू असं लिहिलंय. त्यांच्याखालची आणखी तीन माझ्या हातून लिहवली नाहीत, खडू मोडला. छकुलीचं, दिपालीचं आणि तुझं. तेवढी तू लिही, मग ताडपत्री काढ.

तुझीच,
आक्का